कुणाला हरवून आणलात?

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. उद्या देव तुमच्या अंगणात आला आणि म्हणाला, "तुझं तुला दिलंच आहे, आता शेजाऱ्याचंही तुलाच देतो" – तर नको म्हणाल? पुढच्या रांगेतले पाटील हसले. म्हणजे हे घेणार! मागं बायकांतही माना हलल्या. बरं, घ्या. पण घेतल्यावर सुख लागेल का? मी सांगत नाही. मळगिरीचे रंगराव सरनोबत सांगतील. ऐका.

मळगिरी म्हणजे फुटबॉलचं गाव. सहा पेठा, सहा तालमी, सहा संघ. संक्रांत सरली की स्पर्धा सुरू. मग तिथल्या सासवा-सुनाही भांडत नाहीत – वेळ कुठंय? दोघी मिळून पंचाला शिव्या देतात!

वरच्या पेठेच्या संघाचे अध्यक्ष रंगराव. खडीचं क्रशर, सिमेंटचं दुकान, दोन पेट्रोल पंप. माणूस वाईट नाही हो! दारात आलेल्याला चहाशिवाय सोडत नसत. एकच खोड – हरलेलं सोसायचं नाही. आणि एका वर्षी अंतिम सामन्यात हरले. कुणाकडून? खालच्या तालमीकडून!

या तालमीचे कारभारी केरबा माळकर. पिठाची गिरणी चालवायचे. सामना असला की गिरणी बंद करून तसेच मैदानावर, भुवया पांढऱ्याफेक. संघाचे बूट शिवून शिवून घातलेले, जर्सीचा रंग कुठला हे जुन्या माणसांनाच ठाऊक. पण गोलात यासीन मुल्ला उभा असायचा, आणि यासीनच्या हातून बॉल सुटत नसे.

रंगरावांनी काय करावं? यासीनलाच आपल्याकडं घेतलं. पंपावर नोकरी, वर खेळण्याचे पैसे वेगळे. यासीनचा बाप अंथरुणाला खिळलेला. यासीन केरबांकडं गेला आणि खाली मान घालून उभा राहिला. केरबांनीच सांगितलं की जा पोरा, घरात पगार येतोय, लाजू नकोस.

पाप झालं का? नाही. पण मंडळी, पहिला लाडू भुकेसाठी खातो, पुढचे कशासाठी खातो, हे पोटालाही कळत नाही. पुढच्या वर्षी रंगरावांनी दुसऱ्या तालमींतले तिघं घेतले. मग सात. मग परदेशातून दोघं आणले – उंच, धिप्पाड. चार वर्षांत चौतीस खेळाडू झाले! खेळायचे किती? अकरा. बाकीचे खुर्च्यांवर बसून सरबत प्यायचे. पाय गेले, पोटं आली.

चारही वर्षं विजेत्याची ढाल वरच्या पेठेत. नऊ-शून्य, अकरा-शून्य! पहिल्या वर्षी लोक नाचले. दुसऱ्या वर्षी टाळ्या वाजल्या. तिसऱ्या वर्षी मध्यंतरालाच उठून गेले. आणि एकेक तालीम स्पर्धेतून नाव काढून घेऊ लागली. खेळाडू नाहीत तर तिकीट कोण काढणार, तिकीट नाही तर बूट कुठून येणार?

पाचव्या वर्षी दोनच नावं उरली. वरची पेठ, खालची तालीम. उरले तेच अंतिम सामन्याला. केरबा सहा जण घेऊन आले. पाच खेळाडू, आणि सहावे स्वतः केरबा – वय अठ्ठावन्न, हाफ पँटीत! पंच म्हणाले, सात तरी लागतात, नियम आहे. शिट्टी वाजली. एक लाथ न मारता रंगराव जिंकले.

ढाल घेऊन घरी आले. बायको शालनताई ओवाळायला पुढं झाल्या आणि त्यांनी सहज विचारलं,

"कुणाला हरवून आणलात?"

रंगराव ताटातला दिवा बघत उभे राहिले. त्या दिवशी जेवण गेलं नाही. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती गोष्ट हातात होती, आणि तिला वजनच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष स्वतः ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत. बायका बाजूला झाल्या, पण केरबांनी रंगरावांना रांगेतच उभं केलं. नंबर आल्यावर रंगराव म्हणाले की लागेल तेवढा पैसा घ्या, पण संघ उभा करा.

केरबांनी पीठ चाचपलं आणि म्हणाले, "तुमचा पैसा घेतला तर तो तुमचाच दुसरा संघ झाला की मालक. मग तुमचं तुम्हीच खेळा."

मग काय हवं? केरबांनी दोन गोष्टी मागितल्या. ज्यांना आपापल्या तालमीत परत जायचंय त्यांना जाऊ द्या, पण नोकरी काढू नका. आणि तिकिटाच्या उत्पन्नाचे सहा सारखे वाटे करा.

"मग आम्ही हरू की केरबा."

"हरालही. त्याशिवाय खेळ कसा म्हणायचा?"

लगेच पटलं म्हणता? छे! तीन दिवस क्रशरवर बसून नुसते आकडे मांडले. चौथ्या दिवशी चौतीस जणांना बोलावलं आणि सांगितलं, खेळा कुठंही, पगार चालू राहील. एकेक करून वीस जण उठले. यासीन बसून होता. रंगरावांना वाटलं, हा तरी राहील. यासीनने त्यांच्याकडं पाहिलं, डोळे पुसले आणि उठला. लागलं हो त्यांना! देणं सोपं नसतं मंडळी. ज्याचं होतं त्याला परत देणं तर त्याहून अवघड.

पुढच्या संक्रांतीनंतर सहा संघ उतरले. मैदानाच्या भिंतीवर माणसं बसली. उपांत्य सामना – वरची पेठ आणि खालची तालीम. दोन-एकनं रंगराव हरले! शेवटच्या मिनिटाची पेनल्टी यासीनने अडवली. रंगरावांनी टोपी आपटली, पंचाला बोलले, घसा बसवून घेतला.

तणतणत घरी आले. शालनताईंनी पाट मांडला. आणि हा माणूस बसल्या बसल्या वाटीला यासीन करून, लिंबाचा बॉल करून सगळा सामना सांगू लागला. सांगता सांगता चार भाकऱ्या गेल्या. पाचवी मागितली. शालनताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाच वर्षांत नवरा एवढा बोलला नव्हता.

आता तुम्ही हसताय. हसा. म्हणाल, आम्हाला काय, आमच्याकडं कुठं फुटबॉल आहे? बरोबर. तुमच्याकडं भजन आहे! मघाशी अभंगाला पेटी काय सुरेख वाजली. मी चौकशी केली, मास्तर कुठले? कळलं, पलीकडच्या वस्तीचे. तुम्ही बिदागी वाढवून आणले. त्यांचा पखवाजवालाही हा इथं बसलाय. पलीकडच्या वस्तीत गेल्या एकादशीला भजन झालंच नाही म्हणे.

का हो, माना खाली का गेल्या?

मास्तर, येत्या एकादशीला तुम्ही दोघं तिकडं जायचं. बिदागी या मंडळींकडूनच मिळेल, पाटलांनी आत्ताच मान डोलावली. आम्ही इथं नुसत्या टाळांवर म्हणू. जरा बेसूर होईल. पण आपण थांबलो की पलीकडून आवाज येईल. म्हणा, विठ्ठल, विठ्ठल...