घरी काही औषध दिलं होतं का?

—नाही, थांबा ताई, ती बाटली आधी पिशवीत ठेवा. ठेवा. राग मानू नका, ओळख ना पाळख आणि हा म्हातारा मधेच हात धरतोय, असं वाटत असेल तुम्हाला, पण गिनी पिगला हे तोंडावाटे द्यायचं नाही. घरच्या मुलाचं उरलेलं ना? घसा धरला होता तेव्हाचं? मला लेबल वाचावं लागत नाही, रंगावरून कळतं. आणि हे गळूच आहे, बरोबर ओळखलंत, जबड्याखाली सुपारीएवढं, वरची लव झडलीये— गळूला अँटिबायोटिक लागतं, हेही बरोबर. पण हे नाही. हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं. या जिवांच्या पोटात गवत पचवणाऱ्या चांगल्या जंतूंची वस्ती असते, सगळं पोट त्यांच्या जिवावर चालतं. हे औषध आत गेलं की पू करणारे जंतू मरतात आणि ते गवतवालेही मरतात, मग रिकाम्या घरात गुंड शिरावेत तसे भलतेच जंतू शिरतात. माणसाचं पोट दोन दिवस कुरकुरतं आणि गप्प बसतं. यांचं नाही गप्प बसत. आत प्राण्यांच्या डॉक्टरबाई बसल्यात, त्यांच्याकडे यांना चालणारी औषधं असतात, त्या गळू फोडून घट्ट पू काढतात, आतून धुतात, आणि ती औषधं वजनावर मोजून देतात— काय? दिलंत? कधी? आज सकाळी, एकदाच? बरं. बरं, घाबरू नका. खातोय ना अजून? मग ठीक. पण आत गेल्या गेल्या हे सांगायचं. त्या विचारतील याची वाट बघायची नाही. लाज वाटली तरी सांगायचं. लाजेनं कुणी मरत नाही, ताई— म्हणजे आपण मरत नाही.

मला कसं माहीत? मी औषधाच्या दुकानात अडतीस वर्षं काउंटरमागे उभा होतो. गल्लीतले लोक मला डॉक्टर म्हणायचे, आधी चेष्टेनं, मग सवयीनं, आणि खरं सांगायचं तर मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. पाय दुखतो, पोर रात्रभर खोकतंय, सासूबाईंना चक्कर येते— सगळे आधी माझ्याकडे. आणि मी एक गोष्ट मात्र घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचो, एकाचं उरलेलं औषध दुसऱ्याला देऊ नका. दुकान सोडून चार वर्षं झाली. आता घरात मुलगा, सून आणि नात. नात दहा वर्षांची. दोन गिनी पिग तिचे, नावं तिनंच ठेवलेली— नावं ठेवण्यात आमचं घराणं आधीपासूनच पुढे आहे— एक गोणी आणि एक चिंधी. गोणी म्हणजे खरंच गोणी होती, उचलली की दोन्हीकडून लोंबायची. मी बाल्कनीचं दार उघडलं की शिट्टी मारल्यासारखी ओरडायची, कारण गवताची पेंडी माझ्या खोलीत असते. घरात माझ्या पावलांची दखल घेणारा तेवढा एकच प्राणी होता, असं मी गमतीनं म्हणायचो. फार गमतीनंही नाही.

तर त्या गोणीला गळू झालं. रविवारी नातीच्या हाताला लागलं. सुनेनं इथे फोन केला, डॉक्टरबाई बाहेरगावी, गुरुवारची वेळ मिळाली. इथल्या बाईंनी सांगितलं, खातेय तोवर काळजी नाही, खायची थांबली तर दुसरीकडे न्या, पण घरी कुठलंही औषध देऊ नका. सुनेनं ते जेवताना आम्हा सगळ्यांना सांगितलं. म्हणजे बघत होती ताटाकडे, पण बोलत होती माझ्याशी. मला ते लागलं. का लागावं? तिचं काही चुकलं होतं का? काही नाही. पण चार वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, ताई. मुलगा स्वतःचा ताप मोबाइलवर विचारतो. आणि इथे एक साधं गळू, माझ्या हाताखालून अशी हजार गेलेली, आणि मी तीन दिवस हात बांधून बसायचं?

माझ्या दाढेला मागे पू झाला होता, त्यातल्या कॅप्सूल उरल्या होत्या. हो, मीच, उरलेल्या. तिच्याही जबड्यातच, माझ्याही जबड्यातच— हा माझा विचार, अडतीस वर्षं काउंटरमागे उभं राहिलेल्या माणसाचा. नात शाळेत, ही दोघं कामावर. कॅप्सूल उघडली, कागदावर पूड ओतली, ब्लेडच्या टोकानं भाग केले, पाण्यात कालवली, सुई काढलेल्या पिचकारीनं ओठाच्या कडेनं आत सोडली. तिनं घेतली की. मी देतोय म्हटल्यावर घेणारच. सोमवारी दुपारी, मग मंगळवारी दोनदा, बुधवारी सकाळी. कुणाला बोललो नाही. मनात काय होतं? तर गुरुवारी इथे यावं, डॉक्टरबाईंनी बोटं लावून बघावं आणि म्हणावं, अहो, हे तर उतरलंय, कुणी काय केलं? आणि मी चष्मा पुसत बसायचं. एवढ्यासाठी, ताई. मंगळवारी संध्याकाळी मला ते गळू मऊही लागलं, किंवा लागावं असं वाटत होतं म्हणून लागलं. नातीला म्हटलं, बघ, आबांचं ऐक, गुरुवारपर्यंत अर्धं होईल. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो.

बुधवारी दुपारी दार उघडलं, पेंडी घेऊन बाहेर आलो, तर आवाज नाही. कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. पान पुढे केलं, तोंड फिरवलं. खाली बघितलं तर पातळ झालेलं. आणि मला कळलं. हे मला कुठूनही नव्याने समजायचं नव्हतं, ताई, हे कधीतरी मी वाचलेलं होतं, दुकानात प्राण्यांच्या औषधांचं एक जाड पुस्तक होतं, त्यात ससे आणि गिनी पिग यांच्यापुढे ठळक अक्षरात होतं. वाचलं होतं आणि विसरलो होतो. मग मी काय केलं असेन? फोन केला? गाडी करून दुसऱ्या डॉक्टरकडे नेली? नाही. उरलेल्या कॅप्सूल संडासात टाकून पाणी सोडलं. पिचकारी धुतली, पुसली, होती तिथे ठेवली. गुन्हेगारानं कसं वागायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, हातांना आपोआप येत होतं.

संध्याकाळी नात घरी आली तेव्हा तिला दिसलंच. सून म्हणाली, सकाळी पहिला नंबर लावू. गुरुवारी इथेच बसलो होतो, या बाकावर, आणि आत मीही गेलो. डॉक्टरबाईंनी गळूकडे नंतर बघितलं, आधी पोट चाचपलं, कानाला नळ्या लावून ऐकलं, आणि मान वर करून विचारलं, "घरी काही औषध दिलं होतं का?" मग आमच्याकडे एकेक करून बघत परत विचारलं, "माणसाचं, उरलेलं, एखादा डोससुद्धा? रागावणार नाही मी, पण मला कळायला हवं." किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं. नात टेबलाला चिकटून उभी होती, एक हात गोणीच्या पाठीवर. आणि मी म्हणालो, "छे हो. अडतीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलीत. एवढं कळतं मला." नुसतं नाही म्हटलं असतं तरी खोटंच होतं, पण वर हे अडतीस वर्षांचं तोरण बांधलं. आणि नातीनं मान डोलावली, अभिमानानं, आमच्या आबांना कळतं म्हणून.

मग डॉक्टरबाईंनी खाण्याचं विचारलं. ती पोर खरं बोलली. म्हणाली, मंगळवारी शाळेला उशीर होत होता, मी फ्रिजमधली पानं न पुसता ओलीच दिली. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्यानंही कधीकधी पोट बिघडतं, पण एवढं बिघडायचं कारण दुसरं असावं. पुढचं वाक्य नातीच्या कानात शिरलंच नाही. सुईनं कातडीखाली सलाइनचं पाणी भरलं, पिचकारीनं पेज भरवायला सांगितली, लक्ष ठेवा म्हणाल्या. खरं कळलं असतं तर त्यांनी वेगळं काही केलं असतं, तिथेच ठेवून घेतली असती. वाचली असती असं मी म्हणत नाही. पण त्या अंधारात चाचपडत होत्या आणि दिव्याचं बटण माझ्याजवळ होतं.

शुक्रवारी नात शाळेत गेली नाही. दर दोन तासांनी पेज. दुपारी तीनच्या सुमारास तिच्या मांडीवर, टॉवेलमध्ये, गोणी गेली. नातीला लगेच कळलं नाही, ती आणखी थोडा वेळ पिचकारी धरून बसली होती.

आणि संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. हे मी सांगणार नव्हतो. बाटलीचं सांगून थांबणार होतो. ती आली, पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आबा, मी ओली पानं दिली म्हणून ना?"

आता बघा, ताई, इथे तर काहीच अवघड नव्हतं. खोलीत दोघंच. नाही बाळा, एवढंच म्हणायचं होतं. कारण सांगायची हिंमत नव्हती तर नसू दे, नुसतं नाही म्हणायचं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "असू दे गं. चुकतं माणसाचं."

मायेनं म्हणालो. आवाजही मायेचाच होता. ती रडली, माझ्या गळ्यात पडली, आणि मला— हे कुणाला सांगण्यासारखं नाही— मला हलकं वाटलं. त्या क्षणी. माझं ओझं दहा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर ठेवलं आणि वर तिला शाबासकी दिली. त्यानंतर दीड महिना झाला. आता ती चिंधीला प्रत्येक पान धुते, पुसते, कागदावर पसरते, मग परत पुसते. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी शाळेच्या कपड्यांत उभी राहून पुसत असते. बस चुकते तिची. सून म्हणते, किती जबाबदार झाली बघा. मी पेपर तोंडासमोर धरतो.

चिंधी? आत आहे. तिलाच घेऊन आलोय. परवा तिच्याही जबड्याखाली गाठ लागली, गवताची काडी टोचत असेल, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की गवत फार राठ आहे तुमचं. नात तिला घेऊन आत गेली, मला म्हणाली, तू बाहेर बस, आबा, तुला बघवत नाही. तिला वाटतं, मी मऊ काळजाचा आहे. गोणीच्या वेळी रडलो होतो ना. आणि येताना रिक्षात काय म्हणाली, ऐका. म्हणाली, "या वेळी औषध दिलं तर ते तू द्यायचं. माझ्या हातून चुकतं. तुझा हात चांगला आहे." खिडकीबाहेर बघत होती म्हणताना. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? चालत्या रिक्षातून उडी थोडीच मारणार होतो.

काय म्हणालात?

नाही. नाही सांगितलं. अजून कुणालाच नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. तुम्हाला पहिल्यांदा, ते तुमच्या हातात बाटली दिसली म्हणून, आणि तुम्ही परत भेटणार नाही म्हणून. हो, कळतंय मला, तुम्हाला आत गेल्या गेल्या सांगा म्हणतो आणि स्वतः दीड महिना लपवून— बरोबर आहे. बोला तुम्ही, तुमचं चुकत नाहीये. मी रोज ठरवतो. सकाळी चहाच्या वेळी ठरवतो, आणि मग ती येते, मला चष्मा शोधून देते, आणि माझं गाडं तिथेच अडतं. ती काय करेल? रागावेल, बोलणार नाही, ते सोसेन मी. पण ती मला विचारेल, मग त्या दिवशी तू असं का म्हणालास? गोणीचं नाही विचारणार ती, ताई, मुलं हुशार असतात. ती त्या वाक्याचं विचारेल. औषधाची चूक ही चूक होती. ते वाक्य चूक नव्हतं.

कोण, मला? हो, चिंधीचा आजोबा मीच. कंपाउंडरबाई बोलावताहेत, औषध कसं द्यायचं ते मोठ्या माणसाला समजावून सांगायचंय म्हणे. येतो म्हणावं.

दार उघडंच ठेवलंय त्यांनी. ती बघा, टेबलापाशी, निळ्या स्वेटरमधली. पिशवीतून वही काढलीये, मी विसरेन म्हणून डोसाच्या वेळा लिहून घेणार.

नाही गं, तू बाहेर नको येऊस. तिथेच थांब. मी येतोय आत. हो, वही राहू दे उघडी. डॉक्टरबाई, पाच मिनिटं द्याल? मागच्या वेळी तुम्ही मला एक विचारलं होतं. नाही, तिला बाहेर पाठवू नका, तिच्यासमोरच बोलायचंय.

तुम्ही बसा, ताई. तुमचा नंबर पुढचाच आहे. आणि आम्ही दोघं बाहेर येऊ तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघू नका.