जितं हाड

हॅलो?… हो मावशी, बोल ना. अंकिताच बोलून राह्यली… नाई, दुपारची भांडी घासत होती. तळेगावले कसं आहे सगळं?… काय बंद केलं?… थांब, नळ बंद करते. हं, सांग.

गोळी? कॅन्सरची?… कधीपासून?… आईच्या तेरवीपासून! आन् आता सांगून राह्यली?… नाई, धनंजयले नाई सांगत. तुझा पोरगा ओरडेलच. पण काऊन बंद केली?

हो… राख सावडायले मी तुझ्याजवळच होती ना… हो, पाह्यलं. तू आईचं हाड उचललं आन् चिमटीतच भुगा झाला. माझ्याही हातात झाला…

अगं, ऐक ना. ते गोळीनं नाई खाल्लं. आगीतून निघालेलं कोणाचंही हाड तसंच होते, पैलवानाचंही… समजूत नाई काढत तुझी. तुले वाटलं, दोघी बहिणींच्या छातीत गाठ, दोघींले गोळी तीच, म्हणजे आपलीही हाडं तशीच. हो ना?… मले विचारायचं तरी!

मावशी, आई हार्टनं गेली. गाठ परत नाई आली तिची. कधीच नाई.

हो, सांधे दुखतात. सकाळी मूठ वळत नाई, आईचीही वळत नव्हती… खोटं कशाले बोलू? हाडं पातळ होतात या गोळीनं. पाळी गेल्यावरही अंगात थोडं हार्मोन बनते. तुझी गाठ त्याच्यावरच वाढत होती, म्हणून गोळी ते बनूच देत नाई. पण हाडंही त्याच्याच भरवशावर. गाठ उपाशी, तर हाडंही उपाशी… म्हणून तर ती हाडांची तपासणी सांगितली तुले, जी तू केली नाई. कॅल्शियम, फिरणं… आईले इंजेक्शनही होतं. तुले लागते का, ते डॉक्टरीणबाई पाहतील.

त्यांनीच सांगितलं होतं आईले, मी बाजूले बसली होती. हाड म्हणजे दगड नाई म्हणे. रोज थोडं कोरलं जाते, रोज थोडं भरलं जाते. दहाएक वर्षांत अख्खा सांगाडा नवा… खरंच! तू आता ज्या हाडांवर बसली आहे, ती तुझ्या लग्नातली नाईत… हास, हास. आईही हसली होती. मग घरी येऊन कितीतरी वेळ आपल्याच मनगटाकडं पाहत बसली.

मले तेच आठवते. ती गेली त्या सकाळी भाकरी थापत होती. तेव्हाही आत कुठंतरी नवं हाड भरून राह्यलं होतं, मावशी. एवढं मोठं काम. आन् तिलेही पत्ता नाई…

नाई गं, रडत नाई.

काय म्हटलं?… हो, हाडं दिसतात ना त्या तपासणीत, मशीनच्या पडद्यावर. नुसतं झोपून राह्यचं… दुखत नाई… पांढरी दिसतात. मणक्यावर मणका… हो, तुझीच. जितेपणी.

पाह्यची आहेत?… मग उद्या ये वर्ध्याले, मी येते सोबत. दुखण्याचंही बोलू. या गोळीनं फारच होत असेल तर दुसरी असते म्हणे, पण ते त्या ठरवतील. आपण नाई.

आन् आजची?… कुठं आहे पाकीट?… मग काढ. नाई, फोन नको ठेवू. मी आहे.

हं…

हं.

गेली खाली?… बोलू नको, अजून घोटभर पाणी पी. ठेवते मी.