डाव्या डोळ्याचं भोक

आता मला सांगा, चोरानं डाळिंबं न्यायची तर खुशाल न्यावीत, पण टोपी माझ्याच बायकोच्या हातची कशाला घालावी? सोमवार होता, दुधाकडं बघत उभा होतो... त्याच्या आदल्या वर्षी संजीवनी गेली, तेव्हापासून दूध मीच उतू घालतो... तर दारात झुंबरतात्या! "गुरुजी, बाग धुतली की हो माझी! राखणदारानं बघितलाय चोर. तपकिरी माकडटोपी, त्वांड समदं झाकल्यालं, अन् डाव्या डोळ्याचं भोक मोठं!"

डाव्या डोळ्याचं! तुम्हाला सांगतो, अख्ख्या वरकुट्यात तसं भोक फक्त संजीवनीचं. टाके मोजता मोजता बोलायची, आणि डाव्या डोळ्यापाशी हमखास चुकायची. माझे दोन चांगले स्वेटर उसवून चार टोप्या विणल्या. एक मला, तीन गल्लीत. त्यातली एक याच तात्याला! म्हटलं, "तात्या, तुमची कुठंय?"

"माजी? मला कवा दिली वहिनींनी?"

नाक गळतंय, कान गारठून निळे पडलेत, आणि म्हणे कवा दिली! साधी टोपी हो!

मग माझी नजरच बिघडली. ज्याचे कान उबदार, त्याच्यावर संशय! दुसरी टोपी जिला दिलेली, त्या छबूबाईकडं गेलो. "न्हाय बाई, मला कशाला टोपी?" म्हणत तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं... कशानं? तपकिरी लोकरीनं! डाव्या भोकातून अंगठा बाहेर! "ह्ये व्हय? ह्ये इंदापूरच्या बाजारातलं हाय, गुरुजी." बाजारातलं! संजीवनीच्या दहाव्याला हीच बाई सगळ्यात मोठ्यानं रडली होती!

म्हटलं, ठीक. कुणी नाही म्हणा, मी म्हणतो. भर दुपारी टोपी चढवली, घामाघूम होत चौकीत गेलो. "बायकोनं विणलीय. माझी आहे." जमादारानं ती डोक्यावरनं उपसूनच काढली. "मुद्देमाल हाय, गुरुजी. गाव सोडू नका." साधी टोपी हो!

चार दिवसांनी डाळिंबं सापडली. कुठं? राखणदार सावळारामच्याच कडब्याखाली! टोपीवाला चोर बीर कुणी नाहीच! मग ते वर्णन? "काय सांगावं सुचंना," म्हणतो, "गुरुजी रोज सकाळी बांधावरनं जात्यात, त्येच डोळ्यापुढं आलं."

दुसऱ्या दिवशी गल्लीत बघतो, तर तीन तपकिरी तोंडं! तात्या म्हणतो, "वहिनींच्या हातची ऊबच न्यारी, गुरुजी!" आतून हसत होता की लाजत होता, कसं कळावं? डोळेच तेवढे दिसतात...

आणि माझी? चौकीत. आणायला गेलो, तर कागदावर लिहिलेलं, 'चोरट्याची टोपी, एक नग.' म्हटलं, हे खोडा, 'संजीवनीनं विणलेली' असं लिहा. जमादार म्हणतो, "सायेब आल्याबिगर खोडता येत न्हाय. करा की सही, टोपी तर तीच हाय न्हवं?"

दोन हिवाळे गेले, तीन साहेब बदलले. सही अजून केलेली नाही.