ताटातलं पाकीट

हॅलो?… कोण, अक्षदा?… बोल ना. हळू बोलतेय गं, बाहेर माणसं बसलीत… नाय, पाव्हणे नाय. घर बघायला पार्टी आलीय. नवीनभाऊ घेऊन आलाय.

नवीनभाऊ म्हंजे एजंट गं… हो, नेरळचा. त्योच.

काय विकलं?… कुणी, मी?

अगं ऐक ना… आधी ऐक तरी. नाय विकलं. आबांचं घर मी तुला न विचारता विकीन? विकायचं दोघींनी ठरवलं, एजंट तेवढा मी बघितला. बस… असं नको बोलू, अक्षदा. आबा गेल्यापासून तू मला एकदा बी असं बोलली नायस.

कसला फोटो?… तुझ्या शेजारणीच्या मोबाइलवर? नवीनभाऊच्या स्टेटसला?… काय लिवलंय, वाच.

"पोशीरचं घर फायनल. मालकीणबाईंना विसार देताना."

विसार? मी कुठं घेतले आगाऊ पैसे?

थांब. मागच्या दाराला जाते, हितनं ऐकू जातंय… हां, बोल. फोटोत कोण हाय?… मी?… हिरवी साडी?… ती भाऊबीजेला नेसले होते. हातात काय हाय?… ताट. बरोबर. आन ताटात पाकीट… निरांजन दिसतंय का बघ… नाय?… नीट बघ. नाय?

म्हंजे दिवा कापला मेल्यानं. दिवा कापून फोटो लावला.

अगं विसार नाय तो, ओवाळणी हाय… हो, ओवाळलं मी त्याला. बायकोला घेऊन आला होता. म्हणाला, ताई, तुमाला भाऊ नाय, मला बहीण नाय, पाट मांडा. मी मांडला… हो, मांडला. काय करू मग?… तुला हसायला काय जातं. आपण दोघी चंद्राला ओवाळायचो, आठवतं? आई म्हणायची, त्योच तुमचा भाऊ. यंदा पाटावर माणूस बसला. बरं वाटलं गं मला. खोटं कशाला बोलू.

त्याची बायको फोटो काढत होती. म्हटलं, आठवण राहील.

पाकीट?… नाय उघडलं. ओवाळणी कुणी मोजतं का? देवापुढं ठेवलंय, हळदकुंकू लावून… आत्ता उघडू?… बरं बरं. ओरडू नको. धर जरा.

हो हो, नवीनभाऊ, आले. चहा ठेवलाय… फोन हाय बहिणीचा… हो, तीच, खालापूरची… नाय, नाय बोलले काय. तुमी वरचा माळा दाखवा त्यांना तवर.

हॅलो?… हां. उघडतेय. डिंक लावलाय चांगला… नोटा हायत… नाय मोजत, जाऊ दे. एक चिठ्ठी हाय. चष्मा कुठं गेला… हां. "पोशीर येथील राहत्या घराचा विसार रोख मिळाला." खाली माझं नाव. सहीला जागा सोडलीय.

…

थांब, उजेडात धरून परत वाचते.

तुझं?… तुझं नाव नाय. कुठंच नाय, पाठपोट बघितलं. एकटीचं माझंच हाय.

अक्षदा, एक सांगू? चिडू नको. तो म्हणाला होता, बहिणीला आत्ताच सांगू नका. दोन तोंडं झाली की पार्टी बिचकते. भाव ठरला की सांगू… ऐकलं मी त्याचं. म्हणून तर तुला काय बोलले नाय इतके दिवस… हो, चुकलं. चुकलं म्हणते ना. आणखी किती वेळा म्हणू?

येसाजी?… हो, कोंडाण्याचा एजंट, तू पाठवलेला. आला होता दिवाळीच्या आधी. मीच त्याला लावून दिला. अगं, आल्या आल्या भिंतीला हात लावला, म्हणाला, ओल हाय, भाव कमी येईल. चहा नको, पाणी द्या. मग विचारतो, घरपट्टीला नाव कुणाकुणाचं? म्हटलं, आमा दोघी बहिणींचं. तर म्हणाला, दुसरीला बोलवा. दोघी समोर बसल्याशिवाय मी गिऱ्हाईक आणत नाय… मला आला राग. म्हटलं, हा कोण आमच्यात नाक खुपसणारा. गोड बोलणारा पाटावर बसवला, आन खरं बोलणारा ओट्यावरनं घालवला… रडत नाय गं. धूर हाय चुलीचा.

नाय, पोलीस नको. गावात तमाशा नको… हे शेतावर गेलेत, भात झोडायला. दुपारशिवाय येत नाय… नाय, थांबत बी नाय मी त्यांच्यासाठी. माझ्या हातनं झालंय, माझ्याच हातनं निस्तरते.

तू फोन ठेवू नको. कमरेला खोचते. तू ऐक नुसती, बोलू नको… ताट घेतलंय. तेच, भाऊबीजेचं. निरांजन लावलंय… चेष्टा नाय करत. फोटोत कापलं ना? पार्टीला दिसू दे.

या, उतरलात माळ्यावरनं? नवीनभाऊ, बसा… पाटावर नको, खुर्चीवर बसा. साहेब, तुमी बी ऐका. हे पाकीट भाऊबीजेला ताटात टाकलं होतं यांनी. मी ओवाळणी समजले. आत विसार निघाला. घ्या… घ्या, नवीनभाऊ. नोटा, चिठ्ठी, जशीच्या तशी हाय.

अपशकुन कसला? ओवाळणी परत देत नाय, भाऊ. विसार देतात.

साहेब, तुमचा काय दोष नाय. पण या घराच्या मालकिणी दोन हायत. दुसरी फोनवर हाय. थांबा, स्पीकर लावते… अक्षदा, बोल गं आता.

…

हॅलो? हां, स्पीकर काढलाय… गेले. पार्टी आधी उठली, हा मागनं… हो, घेतलं पाकीट. फोटो बी काढून टाकला, माझ्या समोर. तरी तुझ्या शेजारणीला बघायला सांग… 'दोघींच्या सहीशिवाय वीट बी हलायची नाय' असं तू बोललीस, मला आबाच वाटले घटकाभर.

अक्षदा… पुढच्या भाऊबीजेला तू येशील? ओवाळायला नाय गं. पाटावर बसायला.

बरं. चहा उतू चाललाय. कर्जतची गाडी कितीची हाय?… मग नीघ. ठेव आता, मला येसाजीला फोन लावायचाय… काय सांगू म्हंजे?

सांगते, दुसरी निघालीय.