घरच्या खाटा

आई गेल्यावर तिची व्हीलचेअर दवाखान्याला द्यायला लेक आली होती. बाकावर शेजारी दोन नर्स बोलत होत्या.

"सिस्टर, आपल्या भागाला चार नर्स वाढवून मिळाल्या!"

"थापा मारू नकोस. खाटा तेवढ्याच, मग नर्स कशा वाढतील?"

"या वेळी खाटा नाही, माणसं मोजली. घरी अंथरुणाला खिळलेली सगळी धरली."

"म्हणजे घरची खाटही खाटच? अगं बाई, सुचलं म्हणायचं एकदाचं!"

"आणि घरोघरी जाणार मी! सोमवारपासून!"

"मग आधी चांगल्या चपला घे, भवाने."

धाकटी नर्स हसतच लेकीकडे वळली. "ताई, तुमच्याकडे आहे का कुणी झोपून?"

"आई होती," लेक म्हणाली. "पण समोरचे काका आहेत. सोमवारी पहिल्यांदा त्यांच्याकडेच या. मी दारात थांबते."