वर केलेला हात

दाताच्या दवाखान्यात बसलेल्या शिंप्याच्या शेजारी प्राध्यापक नवरा-बायको होते. नवऱ्याचा गाल टम्म सुजलेला.

"माझा भाषाविभाग बंद करायच्या ठरावाला तू हात वर केलास?" बायकोनं नवऱ्याला विचारलं.

"हळू बोल."

"मी नोंदवतेय ती बोली बोलणाऱ्या दोनच म्हाताऱ्या उरल्यात. त्या गेल्या की मी कुणाला विचारू? तुझे तारे कुठं पळून चालले होते?"

"विरोध केला असता तर माझा खगोलविभागही गेला असता."

"असं कुणी म्हणालं?"

"नाही."

"मग?"

"मला वाटलं."

आतून नवऱ्याला हाक आली. बायको शिंप्याकडे वळली.

"भाऊ, तुम्ही जा आधी. यांना जरा दुखू दे."

शिंपी उठून आत गेला. नवरा बसूनच राहिला.