नकाशावर उरलेला एक ठिपका

जबाब देणार : फिरदोस शमशेर तांबोळी, वय ३१ वर्षे, व्यवसाय – खासगी कंपनीत भागीदार, मूळ राहणार आष्टा, ता. वाळवा, सध्या राहणार सांगली.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी राहण्यास असून जयराज निकम यांच्यासोबत 'रेखांश' नावाची कंपनी चालवते. पाऊसपाणी, बाजारातील आवक, आजारांच्या पाहण्या अशी लाखांच्या घरातील माहिती लोक आमच्याकडे देतात. आम्ही ती संगणकाच्या पडद्यावर नकाशे व आलेख यांच्या रूपात मांडतो. अभ्यास करणाऱ्याने प्रश्न निवडला की त्यात बसणारे ठिपके नकाशावर राहतात व बाकीचे निघून जातात. यास आम्ही चाळणी लावणे असे म्हणतो.

गेल्या वर्षी एका आरोग्य संस्थेने माण तालुक्यातील विवाहित स्त्रियांच्या अंगातील रक्ताच्या प्रमाणाची पाहणी केली. त्या माहितीचा नकाशा आम्ही तयार केला. त्यातून नावे व फोन नंबर काढून टाकले होते. एक घर म्हणजे एक ठिपका. हा नकाशा सर्वांसाठी खुला नव्हता. संस्थेने ज्या संशोधकांना लॉगिन दिले त्यांनाच तो दिसत असे.

काल बुधवारी दुपारी मी सांगली येथील आमच्या ऑफिसात होते. नकाशा उघडण्यास वेळ लागतो अशी तक्रार आल्याने तो कोण कसा वापरतो याची नोंद मी तपासत होते. साताऱ्यात शिकणाऱ्या ऋषिराज नावाच्या विद्यार्थ्याच्या लॉगिनवरून एकामागून एक चाळण्या लावलेल्या दिसल्या. आधी पंचविशीच्या आतील स्त्रिया. मग ज्यांचे माहेर खंडाळा तालुक्यात आहे अशा. मग लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेल्या. मग माहेरी जाणे-येणे बंद असलेल्या. ही पाहणी रक्ताची होती. रक्ताबद्दल त्या लॉगिनवरून एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

मी त्याच चाळण्या त्याच क्रमाने लावून पाहिल्या. शेवटी नकाशावर एक ठिपका राहिला. तो दहिवडीच्या पुढे, माळावरच्या एका वस्तीवर होता.

मी लगेच ऋषिराज यास फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, लॉगिन मी धैर्यशीलला दिलं होतं. लोणंदचा आहे, माझ्या ओळखीचा. त्याच्या बहिणीनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलंय. कुठं राहते ते कुणाला माहीत नाही. आई अंथरुणाला खिळलीय, एकदा लेकीचं तोंड बघू दे म्हणाला. मला वाईट वाटलं."

"तो आत्ता कुठं आहे?"

"निघाला की. फोन करून थँक्यू म्हणाला."

"एकटाच निघालाय का?"

तो म्हणाला, "नाही. तिघं आहेत. मॅडम, काही चुकलं का?"

मी फोन ठेवला व जयराज यांना सांगितले. ते म्हणाले, "उद्या संस्थेची माणसं पुण्याहून नकाशा बघायला येणार आहेत. आज बंद केला तर त्यांना काय दाखवायचं? नुसतं त्या पोराचं लॉगिन काढ." मी त्यांना पडद्यावरचा ठिपका दाखवला. त्यांनी तो पाहिला व गाडीची किल्ली घेतली. मी त्या ठिकाणाचे आकडे माझ्या फोनमध्ये घेतले आणि संपूर्ण नकाशा बंद केला.

गाडीत बसल्यावर मी ११२ नंबरवर फोन केला. पलीकडच्या ताईंनी विचारले, "जिवाला धोका कुणाच्या आहे? नाव सांगा." मी म्हणाले, "नाव माहीत नाही." त्यांनी गाव, वस्ती, नवऱ्याचे नाव विचारले. मला यातले काहीच सांगता आले नाही. माझ्याजवळ तिचे वय होते, शिक्षण होते, आणि ते घर पृथ्वीवर नेमके कुठे आहे ते होते. मी अक्षांश-रेखांश वाचून दाखवले. त्यांनी ते लिहून घेतले, पुन्हा वाचून खात्री केली व गाडी पाठवतो असे सांगितले.

त्यानंतर मी संस्थेकडून त्या भागातील पाहणी कोणी केली याची चौकशी केली व त्याच भागात राहणाऱ्या बनाबाई गोरड यांचा नंबर मिळवला. विट्याच्या अलीकडे त्यांचा फोन लागला. मी कोण ते सांगून वस्तीचे ठिकाण व त्या मुलीचे वय, शिक्षण सांगितले.

त्या म्हणाल्या, "व्हय, ती रेश्मा. रविराजची बायकू. लय गुणाची पोरगी हाय. का वं ताई?"

"मावशी, तिच्या माहेरची माणसं तिकडं निघालीत. तिला आत्ताच्या आत्ता घरातून बाहेर काढा."

"माहेरची? आवं, ती तवा सांगायलाच तयार नव्हती. म्हणली, त्यास्नी कळलं तर मला जित्ती ठिवायची न्हाईत. म्याच म्हणलं, बाई, नाव कुटं जात न्हाई, बिनघोर सांग." मग त्यांनी विचारले, "त्यास्नी कळलं कसं?"

"आधी जावा, मावशी," एवढेच मी म्हणाले.

मायणीपासून पुढे फोनला रेंज येत-जात होती. दहिवडीच्या जवळ बनाबाई यांचा फोन आला. त्यांनी रेश्माला मागच्या बाजूने काढून आपल्या जावेच्या घरी नेऊन बसवले होते. रविराज डाळिंबाच्या बागेत औषध मारण्यास गेला असून फोन घरीच विसरला होता. "ती ऐकंना झालीया. रविराजला सांगाय जाते म्हणून उठतीया. म्या दाराला कडी घातली," असे त्या म्हणाल्या. तेवढ्यात फोन तुटला.

आम्ही वस्तीवर पोहोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. फोनवरील ठिकाण व ते घर यांत काडीचाही फरक नव्हता. घरासमोर पांढरी जीप आडवी उभी होती. दाराचा कोयंडा उचकटलेला होता. पिठाचा डबा, अंथरूण, गॅसची शेगडी असे सामान अंगणात टाकलेले होते. तीन इसम तेथे होते. वस्तीवरील दहा-पंधरा लोक बांधाच्या पलीकडे उभे होते. जवळ कोणी आले नव्हते.

त्यांपैकी धैर्यशील हाच असावा असे मला त्याच्या हातातील फोनवरून वाटले. त्यावर आमच्या नकाशाचा फोटो होता. त्याने मला विचारले, "कोण तुमी?"

"पाहणीच्या कामाची आहे," मी म्हणाले.

"बरं झालं आला. हे बघा, हितं माझी बहीण हाय म्हणून दिसतंय. घर घावलं. माणूस कुटं हाय?"

मी त्याला सांगितले की, नकाशावरचे ठिपके खऱ्या जागेवर नसतात, आम्ही ते मुद्दाम इकडेतिकडे सरकवून ठेवतो. हे खोटे होते. तसे करायला हवे होते.

त्याच्या दुसऱ्या हातात निळी ओढणी होती. ती माझ्यासमोर धरून तो म्हणाला, "मग ही कुणाची? ही म्या घेतलीया तिला, कॉलेजला जाताना. ती माझी बहीण हाय, मॅडम. तुमी सांगा, ती कुटं हाय." हे बोलताना त्याचे डोळे भरून आलेले मी पाहिले. त्याच्या मागे उभ्या असलेल्या इसमाच्या हातात टिकावाचा दांडा होता, तोही मी पाहिला.

मी म्हणाले, "मी तुमच्या बहिणीला कधी बघितलेलं नाही." हे खरे होते.

त्याच वेळी माझ्या हातातला फोन वाजू लागला. पडद्यावर बनाबाई यांचे नाव होते. मी फोन पालथा धरला. धैर्यशीलने माझे मनगट पिरगाळून तो काढून घेतला व नाव वाचले. जयराज मध्ये पडले असता दांडेवाल्या इसमाने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. धैर्यशील बांधाकडे वळून ओरडला, "बनाबाई कोण हाय रं? कुटं ऱ्हाते?"

कोणी बोलले नाही. बनाबाई यांचे घर तेथून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांच्या जावेचे घर त्याला लागूनच आहे. उभे असलेले सर्वजण त्यांना ओळखतात. त्याने पुन्हा विचारले. तेव्हा नानासो नावाचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हितं तसल्या नावाचं कोण न्हाई, बाबा." त्यांच्या शेजारच्या बाईने मान हलवली. मग आणखी दोघे-तिघे 'न्हाई, न्हाई' म्हणाले.

धैर्यशीलने माझा फोन दगडावर आपटला.

एवढ्यात रविराज बागेकडून मोटारसायकलवर आला. पाठीवर फवारणीचा पंप तसाच होता. अंगणातले सामान पाहून तो "रेश्मा, रेश्मा" असे ओरडत घराकडे धावला. दांडेवाल्या इसमाने त्याच्या डोक्यात व उजव्या हातावर वार केले. पंप पाठीवर असल्याने त्याला उठता येत नव्हते. मी व जयराज धावलो. आमच्या मागून बांधावरची माणसेही आली. कोणी कोणाला धरले हे मला सांगता येणार नाही. दुसऱ्या बंदोबस्तामुळे उशीर झालेली पोलिसांची गाडी आली तेव्हा धैर्यशील व दांडेवाला लोकांच्या तावडीत होते. तिसरा इसम जीप सोडून पळून गेला होता. तो समोर आल्यास मी ओळखेन.

रविराजला दहिवडी येथे टाके घालून पुढे साताऱ्याला नेले. त्याच्या हाताचे हाड मोडले आहे. आज सकाळी तो शुद्धीवर आला असून बोलला, असे मला समजले.

मला विचारण्यात आले की, नकाशावर एकच घर उरेल इतके बारीक पाहता येणे योग्य होते काय. त्यावर माझे सांगणे असे की, दहापेक्षा कमी घरे उरली तर नकाशा कोरा दाखवावा, अशी सोय आम्ही केलेली होती. संशोधकांना अडचण होते म्हणून ती काढण्याचे बैठकीत ठरले. त्या बैठकीला मी हजर होते. मी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही. नकाशा अद्याप बंद आहे. वापराच्या नोंदीची प्रत मी तपासासाठी देत आहे.

काल रात्री रविराजवर दहिवडीत उपचार सुरू असताना दवाखान्याच्या पायरीवर रेश्मा माझ्याशेजारी बसली होती. बनाबाई पाण्याची बाटली आणण्यास गेल्या होत्या. रेश्माने विचारले, "तुमच्याकडं माझं काय काय लिहिलंय?" मी सांगितले : वय, शिक्षण, माहेरचा तालुका, लग्नाला किती दिवस झाले, माहेरी जाणे-येणे, घराची जागा.

"म्हणजे नाव सोडून सगळं."

मी हो म्हणाले.

ती म्हणाली, "रक्त किती भरलं होतं माझं? बोटाला टोचून नेलं, पण परत कुणी सांगायलाच आलं नाही." मला आकडा आठवत होता. मी तो सांगितला. ती लॅब टेक्निशियन आहे. तिला समजले. "लय कमी हाय की," ती म्हणाली, आणि तिने स्वतःची पापणी खाली ओढून मला दाखवली. आतून ती पांढरी होती.

आज पहाटे रेश्मा साताऱ्याला रविराजकडे गेली. त्याला दवाखान्यातून सोडल्यावर ते दोघे वस्तीवर परत जाणार नाहीत. पुढे कोठे राहणार आहेत हे मला माहीत नाही. ती सांगत होती. मी तिला सांगू दिले नाही.

हा जबाब माझ्यासमोर संगणकावर टाइप करण्यात आला व मला वाचण्यास दिला. त्यात एका ठिकाणी 'पळवून नेलेली मुलगी' असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून तेथे 'रेश्मा' असे करण्यात आले. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे खरा असून त्याखाली मी सही करत आहे.